नसलेला रकाना : हरित मानांकन आणि कचेऱ्यांच्या भाड्याचा कागदोपत्री शोध

कचेरीच्या इमारतीला हरित मानांकन मिळाले की तिचे भाडे वाढते, असे गेली पंधरा-वीस वर्षे सांगितले जात आहे. सांगणाऱ्यांत बांधकाम व्यावसायिक आहेत, जागा भाड्याने लावून देणारे सल्लागार आहेत आणि मानांकन देणाऱ्या संस्थाही आहेत. बहुतेक साक्षीदारांचे हित या विधानात गुंतलेले आहे. तेवढ्याने विधान खोटे ठरत नाही. पण साक्षीदार हितसंबंधी असेल तर कागद मागावा, हा साधार लेखनाचा पहिला नियम आहे. महाराष्ट्रापुरते कोणते कागद हाताशी आहेत, त्यांतला प्रत्येक कागद काय सिद्ध करतो आणि कुठे थांबतो, एवढेच इथे तपासायचे आहे.

आधी साधनांची प्रतवारी लावू. अव्वल साधन म्हणजे दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार. त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या असतात, मुद्रांक भरलेला असतो, तारीख असते. त्याखालोखाल नोंदणीकृत कंपन्यांनी आणि रीट न्यासांनी, म्हणजे गुंतवणूकदारांचा पैसा भाड्याच्या मालमत्तांत गुंतवणाऱ्या न्यासांनी, शेअर बाजाराला दिलेली निवेदने. ती सेबीच्या नियमांखाली दिलेली असल्याने त्यांत थेट खोटे लिहिणे महागात पडते. सोयीचे तेवढेच ठळक लिहिणे मात्र चालते. तिसरे साधन अभ्यासकांचे शोधनिबंध. चौथे, सल्लागार कंपन्यांचे बाजार-अहवाल आणि माहितीपत्रके. यांना बखरीच्या जागी ठेवावे. त्यांत माहिती भरपूर असते, ती सगळी टाकाऊ नसते, पण अस्सल पत्राशी ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर इमारत उभी करायची नसते.

स्थळाचीही खातरजमा करायला हवी. ‘रामवाडी’ असे नुसते नाव कागदावर दिसले तर तालुका पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुण्याची रामवाडी वनाझ–रामवाडी या मेट्रोमार्गाचे पूर्वेकडचे टोक आहे. रुबी हॉल ते रामवाडी हा टप्पा ६ मार्च २०२४ रोजी सुरू झाला. येरवडा, कल्याणीनगर, विमाननगर या भागांतल्या आयटी कचेऱ्या तिथून जवळ आहेत. रायगड जिल्ह्यातली पेणची रामवाडी वेगळी. मुंबई–गोवा महामार्गाच्या या पट्ट्यात ती ओळखली जाते ती एसटीच्या रायगड विभागीय कार्यालयामुळे. भाड्याच्या हरित कचेऱ्यांचा पुरावा पुणे-मुंबईकडे आहे. पेणच्या रामवाडीचा संबंध येतो तो एका नियमावलीतून, आणि तो बाजारापेक्षा अधिक ठोस आहे. त्याकडे शेवटी येऊ.

हाती येणारा पहिला निश्चित कागद महाराष्ट्राबाहेरचा आहे, पण त्यावर नाव मुंबईकराचे आहे. हैदराबादचे ‘सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर’ हे सोहराबजी गोदरेज (१९१२–२०००) यांच्या नावे उभे राहिले. वास्तुरचनाकार करण ग्रोव्हर. अमेरिकेच्या ग्रीन बिल्डिंग कौन्सिलने २००३ साली या इमारतीला ‘लीड’ पद्धतीतले सर्वोच्च प्लॅटिनम मानांकन दिले. अमेरिकेबाहेर हा मान मिळवणारी ही पहिलीच इमारत. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले १४ जुलै २००४ रोजी. प्रमाणपत्र आधी आणि उद्घाटन नंतर, हा क्रम ध्यानात ठेवावा. नव्या इमारतीचे मानांकन तिच्या आराखड्यावर, साहित्यावर आणि अपेक्षित वीजवापरावर ठरते. वर्षभर वापरल्यानंतरच्या वीजबिलावर नव्हे. गुण मिळाले ६९ पैकी ५६. त्या आवृत्तीत प्लॅटिनमची पायरी ५२ गुणांवर होती, म्हणजे पायरीच्या वर चार गुण. इमारतीचे क्षेत्र सुमारे २०,००० चौरस फूट, आणि वापर संस्थेचा स्वतःचा. मालक तोच वापरणारा असल्याने भाड्याच्या प्रश्नावर हा कागद मुका आहे.

दुसरा कागद म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलने, म्हणजे आयजीबीसीने, प्रसिद्ध केलेला आणि पुढे असंख्य सादरीकरणांत उतरलेला एक छोटा तक्ता. हरित इमारतीसाठी किती जादा खर्च आला आणि तो किती वर्षांत वसूल होतो, याचा तो हिशेब आहे. हैदराबादची वरील इमारत, २००३ : जादा खर्च १८ टक्के, वसुली ७ वर्षांत. गुडगावचे आयटीसी ग्रीन सेंटर, २००४ : १५ टक्के, ६ वर्षे. गुडगावचीच विप्रोची इमारत, २००५ : ८ टक्के, ५ वर्षे. कोलकात्याचे टेक्नोपोलिस, २००६ : ६ टक्के, ३ वर्षे. हैदराबादचे हायटॅम महाविद्यालय, २०१० : २ टक्के, ३ वर्षे.

हा तक्ता दोनदा वाचावा. पहिल्या वाचनात दिसतो तो उतरता खर्च : सात वर्षांत १८ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर. दुसऱ्या वाचनात मानांकनाच्या पायऱ्याही दिसतात. पहिल्या तिन्ही इमारती प्लॅटिनम आहेत, टेक्नोपोलिस गोल्ड आहे आणि हायटॅम सिल्व्हर. म्हणजे उताराचा काही भाग तंत्र स्वस्त झाल्याचा आणि काही भाग खालची पायरी निवडल्याचा. दोन्ही भाग वेगळे काढायला तक्ता पुरेसा नाही. आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. या पाचांतली भाडेकरूंसाठी बांधलेली इमारत टेक्नोपोलिस आहे. भाड्यासाठी बांधणाऱ्याने सर्वांत वरची पायरी सोडली आणि वसुली तीन वर्षांवर आणली. भाड्याच्या बाजारात हिशेब वेगळा चालतो, असा तर्क यावरून करता येतो. एका उदाहरणावरचा तर्क आहे, तेवढेच त्याचे वजन.

भाड्याबद्दल सर्वांत काटेकोर पुरावा अमेरिकेतून येतो. पीट आयखहोल्ट्स, निल्स कॉक आणि जॉन क्विग्ली या तिघांचा निबंध ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’च्या डिसेंबर २०१० च्या अंकात आला. त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. हरित शिक्का असलेली प्रत्येक कचेरी-इमारत घेतली आणि तिच्या पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर, परिघातल्या बिनशिक्क्याच्या कचेरी-इमारतींशी तिची तुलना केली. भाड्याच्या तपासणीत अशा ६९४ हरित इमारती होत्या. इमारतीचे वय, मजले, दर्जा, भाड्यात कोणता खर्च धरला आहे, हे सगळे हिशेबात घेतले. निष्कर्ष असा की हरित इमारतीचे दर चौरस फुटाचे भाडे सुमारे ३ टक्क्यांनी जास्त. रिकाम्या जागेचाही विचार केला तर प्रत्यक्ष भाडे-उत्पन्न सुमारे ७ टक्क्यांनी जास्त. विक्रीची किंमत सुमारे १६ टक्क्यांनी जास्त.

हे तीन आकडे पुढे जगभर फिरले. त्याच निबंधातली चौथी गोष्ट मात्र फारशी फिरली नाही. ‘एनर्जी स्टार’ आणि ‘लीड’ हे दोन शिक्के वेगवेगळे तपासले, तेव्हा भाड्यातली वाढ एनर्जी स्टारच्या इमारतींत दिसली. नुसत्या लीडची वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. एनर्जी स्टार प्रत्यक्ष वीजवापरावर मिळतो, लीडचे गुण जागा, पाणी, साहित्य, हवा अशा अनेक बाबींत विभागलेले असतात. भाडेकरू विजेच्या बचतीचे पैसे मोजत होता, फलकाचे नव्हे, असा याचा एक अर्थ लागतो. अर्थात तो २००७ च्या सुमाराचा अमेरिकन भाडेकरू होता. मुंबई-पुण्याला त्याची साक्ष जशीच्या तशी लागू पडत नाही.

मुंबईत प्रत्यक्ष वीजबिलापर्यंत पोचणारा एक चांगला कागद आहे. फोर्टमधल्या होम स्ट्रीटवरची गोदरेज भवन ही १९७२ सालची इमारत. २०१० च्या सुमारास तिची वातानुकूलन यंत्रणा, दिवे आणि इतर व्यवस्था सुधारण्यात आली आणि जुन्या इमारतींसाठीच्या पद्धतीत तिला लीड गोल्ड मानांकन मिळाले. अमेरिकेची एनआरडीसी ही पर्यावरण संस्था आणि हैदराबादचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज यांनी २०१३ साली या कामाचा हिशेब अहवालरूपाने मांडला. खर्च सुमारे ५४ लाख रुपये, साध्या हिशेबाने वसुली ४.७ वर्षांत. इतक्या जुन्या इमारतीचा असा जमाखर्च उघड होणे आपल्याकडे दुर्मीळ, म्हणून या अहवालाचे मोल मोठे. पण इथेही गाठ तीच. इमारत गोदरेज समूहाच्या स्वतःच्या कचेऱ्यांची. ज्याने ५४ लाख घातले त्याच्याच बिलात बचत उतरली.

इमारत भाड्याची असेल तर ही साखळी तुटते. चिलरवर खर्च करतो मालक, वीजबिल भरतो भाडेकरू. मालकाला आपला खर्च परत हवा असेल तर तो भाड्यातूनच यायला हवा. भाडेकरू तो देईल, पण बचतीचा भरवसा असेल तेव्हाच. मानांकनाचे प्रमाणपत्र याच दोन अविश्वासांच्या मध्ये उभे राहते. म्हणून प्रश्न ‘प्रमाणपत्र आहे का’ एवढ्यावर संपत नाही. ते कशाची हमी देते आणि केव्हा दिले, हेही पाहावे लागते.

तारखांच्या बाबतीत कागद वाचणारे हमखास फसतात. नव्या बांधकामासाठीचे लीड प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही. २००८ ची पाटी आजही भिंतीवर राहू शकते. ‘गृह’ ही ऊर्जा आणि संसाधन संस्था, म्हणजे टेरी, आणि केंद्राचे नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी २००७ साली पुढे आणलेली देशी पद्धत. तिचे मानांकन पाच वर्षांचे. आयजीबीसीचे जुन्या इमारतींचे मानांकन तीन वर्षांचे. यांच्याही आधीची एक पायरी असते, प्री-सर्टिफिकेशन. इमारत उभी राहण्यापूर्वी, केवळ आराखड्यावर आणि विकासकाच्या हमीवर मिळणारा तो कागद. मोठ्या कचेरीचे करार पुष्कळदा इमारत पुरी होण्याआधीच होतात. त्या वेळी दाखवायला हाच कागद हाती असतो. एखाद्या कराराच्या तारखेला इमारतीकडे यांपैकी नेमके काय होते, हे ठरल्याशिवाय ‘मानांकनामुळे भाडे मिळाले’ हे विधान तपासताच येत नाही.

आता पुण्याकडे वळू. हडपसरची ‘वन अर्थ’ ही सुझलॉनची इमारत, वास्तुरचनाकार क्रिस्टोफर बेनिंजर. २०१० साली तिला लीड प्लॅटिनम आणि गृहचे पाच तारे, दोन्ही मिळाले. पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय, आवारातच छोट्या पवनचक्क्या आणि सौरपट्ट्या. हरित कचेरीचे महाराष्ट्रातले हे सर्वांत गाजलेले उदाहरण. तीही बांधली गेली स्वतःसाठीच. पुढे कंपनी कर्जाच्या कचाट्यात सापडली. ऑक्टोबर २०१२ मध्ये परदेशी रोख्यांची परतफेड चुकली. त्यानंतरच्या टप्प्यावरचा एक कागद आपल्या कामाचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सुझलॉनने शेअर बाजाराला कळवले की, ‘वन अर्थ’ ही मालमत्ता ओई बिझनेस पार्क या कंपनीला ४४० कोटी रुपयांना विकली असून तीच जागा पाच वर्षांपर्यंत भाड्याने परत घेतली आहे. मालक म्हणून आलेली कंपनी भाडेकरू होऊन तिथेच राहिली.

शोधकाला हा कागद मोहात पाडतो. प्लॅटिनम इमारत, जाहीर किंमत, भाड्याचा करार, सगळे एकाच व्यवहारात. यावरून मानांकनाचे मोल काढता येईल का? येत नाही. ४४० कोटींत जमीन आहे, हडपसर-मगरपट्ट्याचे स्थान आहे, रचनाकाराचे नाव आहे आणि परत भाड्याने घेण्याची हमी आहे. मानांकनाचा वाटा वेगळा काढायला शेजारी तशीच बिनमानांकनाची जुळी इमारत हवी, ती नाही. शिवाय २०१० चे गृह मानांकन २०२४ च्या व्यवहाराला पुरावा म्हणून जोडायचे असेल तर मधल्या काळातल्या नूतनीकरणाचा कागदही जोडावा लागतो. इथे निश्चित एवढेच म्हणता येते की चौदा वर्षांनंतरही या इमारतीला गुंतवणूकदार ग्राहक मिळाला. तो का मिळाला, हा तर्काचा प्रांत.

विरुद्ध बाजूचा साक्षीदारही पुण्याचाच, आणि त्याची साक्ष अधिक बोलकी. एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातला पहिला नोंदणीकृत रीट, १ एप्रिल २०१९ रोजी बाजारात आला. २०२२-२३ मध्ये त्याच्या चालू स्थितीतल्या ७७ इमारतींना, सुमारे ३.३४ कोटी चौरस फुटांना, लीडच्या वापरातल्या इमारतींसाठीच्या पद्धतीत प्लॅटिनम मानांकन मिळाले. असा जगातला सर्वांत मोठा कचेरी-संच, असे त्याचे वर्णन झाले. या संचात हिंजवडीचे एम्बसी क्वाड्रन हे संकुलही होते. याच न्यासाच्या त्या काळातल्या निवेदनांत क्वाड्रनची भरलेली जागा निम्म्याच्या आसपासच दिसते. प्लॅटिनम मानांकन आणि अर्धी रिकामी जागा, दोन्ही एकाच मालकाच्या कागदांवर.

हा विरोधाभास उलगडण्याइतके कागद सुदैवाने उपलब्ध आहेत. क्वाड्रन हे विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे एसईझेड. अशा क्षेत्रात नव्याने सुरू होणाऱ्या उद्योगांना मिळणारी आयकर सवलत २०२० मध्ये संपली. कोविडनंतर घरून काम सुरू राहिले. हिंजवडीच्या रस्त्यांवरची कोंडी पुणेकरांना सांगायला नको. एसईझेडमधला मोकळा मजला बाहेरच्या कंपनीला देण्याची वाट ६ डिसेंबर २०२३ च्या नियमदुरुस्तीने मोकळी झाली. मजल्यामजल्याने जागा त्या क्षेत्रातून वगळता येऊ लागली. भाडेकरूला आणणाऱ्या आणि घालवणाऱ्या शक्तींत कर, रस्ता आणि काम करण्याची पद्धत यांचे वजन मानांकनाहून जास्त ठरले, हे इथे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. क्वाड्रन बिनमानांकनाचे असते तर आणखी रिकामे राहिले असते का? असेलही. त्याला कागद नाही.

मग मोठे मालक मानांकनाच्या मागे का लागतात? उत्तर भाड्याच्या दरात कमी आणि भाडेकरूच्या निवडीत जास्त सापडते. सेबीने १० मे २०२१ च्या परिपत्रकाने व्यवसाय-जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल आणला; २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा झाला. त्यात ऊर्जा, पाणी आणि उत्सर्जन यांचे आकडे द्यावे लागतात. बहुराष्ट्रीय कंपन्यांवर त्यांच्या मुख्यालयांची अशीच बंधने आधीपासून होती. अशा कंपनीचा जागा शोधणारा अधिकारी मानांकन नसलेली इमारत सहसा यादीतच घेत नाही. भाड्याची घासाघीस त्यानंतर सुरू होते. सावकाराच्या बाजूचाही कागद आहे. ऐरोली आणि येरवड्यात मोठ्या कचेरी-वसाहती असलेल्या माइंडस्पेस रीटने मार्च २०२३ मध्ये ५५० कोटी रुपयांचे हरित रोखे काढले. मानांकनाचा उपयोग भाडेकरूकडून जादा पैसे मिळवण्याआधी कर्जदात्यापुढे पत मांडण्यासाठी झाला. दोन्ही कागद एकाच निष्कर्षाकडे नेतात : मानांकन हा आज दारावरचा परवाना आहे. तो असला तर आत घेतात. आत गेल्यावर किती मिळेल, हे तो ठरवत नाही.

हा निष्कर्ष पक्का करायचा तर अव्वल साधनाकडेच जायला हवे, आणि इथे महाराष्ट्राची स्थिती अभ्यासकाला हेवा वाटावा अशी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेला असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर. भरणा झालेले भागभांडवल १ कोटी रुपये किंवा अधिक असलेल्या कंपन्यांना दिलेल्या जागा भाडे नियंत्रणातून वगळल्या आहेत, म्हणून मोठ्या कचेऱ्यांचे भाडे खऱ्या अर्थाने बाजाराने ठरवलेले असते. त्या भाड्याचा पुरावा नोंदणी कार्यालयात साठत असतो.

या साठ्याची गुरुकिल्ली म्हणजे सूची क्रमांक २. घर घेतलेल्या कुणालाही हा कागद परिचित आहे. दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, भूमापन क्रमांक व घरक्रमांक, क्षेत्रफळ, आकारणी, देणार-घेणारांची नावे, दस्त करून दिल्याचा दिनांक, नोंदणीचा दिनांक, अनुक्रमांक, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क, शेरा. एखाद्या टॉवरच्या दहा वर्षांच्या सूच्या आणि त्यांमागचे करार ओळीने मांडले की भाडे कसे चढले, डिपॉझिट किती महिन्यांचे होते, किती वर्षांचा लॉक-इन होता, याचा चांगला अंदाज येतो. अमेरिकन निबंधकारांनी केलेली पाव मैलाची तुलना ऐरोलीत किंवा खराडीत करायला लागणारी निम्मी सामग्री इथे तयार आहे.

उरलेली निम्मी नाही. त्या सगळ्या रकान्यांत इमारतीच्या मानांकनाला रकाना नाही. वर्षाला किती युनिट वीज लागते, यालाही नाही. मानांकन देणाऱ्या संस्थांच्या याद्या वेगळ्या. त्यांत प्रकल्पाचे नाव असते, भूमापन क्रमांक नसतो. एका यादीत ‘टॉवर बी’, दुसऱ्या कागदात सर्व्हे नंबर. दोन्ही एकच इमारत आहेत हे प्रत्येक वेळी हाताने सिद्ध करावे लागते. मानांकनाचे भाड्यातले मोल महाराष्ट्रात छातीठोकपणे सांगता येत नाही, त्याचे मुख्य कारण हे. दोन दप्तरे शेजारी आहेत आणि त्यांना जोडणारा दुवा नाही.

दुवा नसताना निदान कमाल मर्यादा काढता येते का, ते पाहू. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००९ पासून कचेऱ्यांना प्रत्यक्ष वीजवापरावर तारे देण्याची पद्धत सुरू केली. निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या इमारतीला उष्ण-दमट हवामानात, म्हणजे मुंबई-रायगडसारख्या पट्ट्यात, तीन ताऱ्यांसाठी वर्षाला दर चौरस मीटरला १५० युनिटांच्या खाली यावे लागे. पाच ताऱ्यांसाठी १०० च्या खाली. फरक ५० युनिटांचा. कचेरी १०,००० चौरस फुटांची धरली तर ती सुमारे ९२९ चौरस मीटर होते, आणि वर्षाची बचत ४६,४५० युनिट. हिशेबापुरता दर १० रुपये धरला, तर वर्षाला ४ लाख ६४ हजार रुपये. दर चौरस फुटाला महिन्याचे ३ रुपये ८७ पैसे. महिना १०० रुपये भाड्याच्या जागेत हे साधारण ४ टक्के झाले. तीन ताऱ्यांच्या इमारतीच्या तुलनेत केवळ विजेच्या बचतीच्या जोरावर मालकाला याहून जास्त मागता येणार नाही. यातही एक मेख आहे : ताऱ्यांचा हिशेब बांधीव क्षेत्रावर होतो, भाडे मोजले जाते चार्जेबल एरियावर, म्हणजे सामाईक जागेचा वाटा धरून, आणि तो प्रत्यक्ष वापराच्या कार्पेट क्षेत्रापेक्षा बराच मोठा असतो. म्हणून हा आकडा केवळ मापाचा अदमास. पण कोणी मानांकनाच्या नावावर पंधरा-वीस टक्के जादा भाडे सांगू लागला, तर त्यातले बहुतेक पैसे विजेखेरीज दुसऱ्याच कशाचे आहेत, हे यावरून कळते.

आता पेणकडे. राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झाली. बृहन्मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाचे प्रभावक्षेत्र) अशी काही क्षेत्रे वगळता ती राज्यभरच्या नगरपरिषदांना आणि प्रादेशिक योजनांच्या क्षेत्रांना लागू आहे. तिच्यात हरित इमारतींसाठी मूळ एफएसआयवर (चटईक्षेत्र निर्देशांकावर) वाढीव एफएसआय दिला आहे : गृहचे तीन तारे किंवा आयजीबीसी सिल्व्हरला ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. हा लाभ प्री-सर्टिफिकेशनवर मिळतो. भोगवट्याच्या वेळी कबूल केलेली पायरी गाठली नाही, तर त्या वाढीव क्षेत्रासाठी वार्षिक दर तक्त्यातल्या जमिनीच्या दराच्या दुप्पट दंड आहे. वचनाच्या कागदाला दंडाची जोड असलेला आपल्या शोधातला हा पहिलाच दस्तऐवज.

१,००० चौरस मीटरच्या भूखंडावर मूळ एफएसआय १.१० धरला तर बांधकाम १,१०० चौरस मीटर. प्लॅटिनमने त्यात ७७ चौरस मीटरची भर पडते, म्हणजे सुमारे ८२९ चौरस फूट. सिल्व्हरने ३३ चौरस मीटर. पेणसारख्या गावात तळमजल्याचे गाळे आणि वर छोट्या कचेऱ्या अशी भाड्याची रीत असते. तिथे बहुराष्ट्रीय भाडेकरूची यादी नाही आणि हरित रोखेही नाहीत. तिथल्या विकासकाच्या हिशेबात मानांकन पहिल्यांदा दिसेल ते या ७७ चौरस मीटरांच्या रूपाने. भाड्याच्या दरात ते पुढे कधी उतरेल तेव्हा उतरेल.

याच नियमात आणखी एक तरतूद आहे. शासकीय, निमशासकीय, स्थानिक संस्था आणि सार्वजनिक उपक्रमांच्या इमारतींना किमान तीन तारे किंवा सिल्व्हर मानांकन सक्तीचे आहे. एसटी महामंडळ सार्वजनिक उपक्रम आहे. म्हणून या नियमावलीच्या हद्दीत एसटीने नवी कचेरी बांधायची ठरवली, तर तिला हा किमान दर्जा गाठावाच लागेल. मग ती रामवाडीत असो की आणखी कुठे. भाडे वाढते की नाही, हा वाद तिथे उद्भवतच नाही.

एकूण पुराव्याचा निवाडा असा : मानांकनामुळे मोठ्या भाडेकरूंचे दार उघडते, हे सिद्ध आहे. जागा भरतेच असे नाही, हेही सिद्ध आहे. भाड्यात काही टक्के भर पडत असावी, हा सयुक्तिक तर्क आहे. महाराष्ट्रापुरता तो अजून सिद्ध झालेला नाही. तो सिद्ध किंवा असिद्ध व्हावा यासाठी नोंदणी विभागाने कचेरीच्या भाडेकरारांच्या सूची क्रमांक २ मध्ये दोन रकाने वाढवावेत : मानांकन, त्याच्या तारखेसह, आणि मागच्या बारा महिन्यांचा वीजवापर युनिटांत. खर्च जवळजवळ शून्य आहे. तोवर, पेणमध्ये असो वा पुण्यात, कचेरीच्या लीव्ह अँड लायसन्सवर सही करण्यापूर्वी वाचकाने मालकाकडे तीन कागद मागावेत : अंतिम प्रमाणपत्र, प्री-सर्टिफिकेशन नव्हे, त्याची मुदत, आणि गेल्या वर्षाची वीजबिले. तिसरा कागद द्यायला मालक कां-कू करू लागला, तर पहिल्या दोन कागदांसाठी एक रुपयाही जादा भाडे देऊ नये.